क्लेअर अंडरवुड: पाताळयंत्री की नुसतीच आतल्या गाठीची?

तिन्हीसांज

(रसभंग होणार आहे. सगळे सीझन बघून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा.)

'हाउस ऑफ कार्ड्स' ही अमेरिकी राजकारणावरची मालिका पुन्हा पहिल्यापासून बघून काढली. २०१३ साली पहिल्यांदा पाहिली तेव्हा सगळ्यांसारखी मीही फ्रँकवर, म्हणजे क्लेअरच्या सत्तापिपासू राजकारणी नवऱ्यावर, फिदा होते. पहिल्याच प्रसंगात गाडीखाली आलेल्या कुत्र्याचा तो हाताने गळा आवळतो आणि आवळता आवळता कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलतो. तिथून पुढे त्याचा प्रत्येक डाव आपल्याला आधीच ठाऊक असतो. तो खुनशी आहे, पण आपल्यापासून काही लपवत नाही.

क्लेअर मात्र चार सीझन आपल्याशी चकार शब्द बोलत नाही. चौथ्याच्या शेवटी नवऱ्याच्या शेजारी बसून फक्त कॅमेऱ्याकडे बघते.

दुसऱ्या सीझनमधली राष्ट्राध्यक्षांची बायको, ट्रिशिया वॉकर, आठवा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या क्रिस्टिनाबद्दल तिच्या मनात किडा वळवळतोय. क्लेअर "छे, तसं काही नसेल हो" म्हणते, आणि ते अशा सुरात म्हणते की संशय दुप्पट होतो. मग मैत्रीण म्हणून नवरा-बायकोला समुपदेशनाचा सल्ला देते. पुढे चौकशीत तेच समुपदेशन वॉकरच्या गळ्याशी येतं आणि ट्रिशिया शेवटपर्यंत क्लेअरला जिवाभावाची समजत राहते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. फ्रँकला माणसं घाबरतात, हिला आपलं दुखणं येऊन सांगतात.

माझं म्हणणं एवढंच, की या मालिकेतली खरी पाताळयंत्री क्लेअर आहे, आणि पाचव्या सीझनमध्ये तिला कॅमेऱ्याशी बोलायला लावून लेखकांनी तिची नखं कापली.

तर्कट

साफ असहमत.

गप्प राहणं म्हणजे खोल असणं नव्हे. पहिल्या सीझनमध्ये क्लेअर गप्प आहे कारण लेखकांचं सगळं लक्ष फ्रँककडे होतं. तिला पाण्याची एक संस्था दिली, खिडकीपाशी नवऱ्याबरोबर अर्धी-अर्धी ओढायला एक सिगरेट दिली आणि सुंदर कपडे दिले. आपण त्या मोकळ्या जागेत आपल्या मनातलं भरलं.

ट्रिशियाचं उदाहरण तर तुमच्याच विरुद्ध जातं. तो डाव कोणासाठी होता? फ्रँकला खुर्ची हवी होती म्हणून. क्लेअर तिथे उत्तम हस्तक आहे, सूत्रधार नाही.

तिन्हीसांज

आणि जिलियन? क्लेअरवर खटला भरणारी जुनी सहकारी, पोटुशी. क्लेअर तिच्या आरोग्यविम्यालाच हात घालते, म्हणजे बाळासाठी लागणारं औषध बंद. आणि समोर बसून, आवाज न चढवता सांगते की तुझं मूल पोटात सुकून गेलं तरी मला चालेल. तिथे फ्रँकचा काय संबंध?

तर्कट

संबंध नाही, मान्य. पण ते क्रौर्य झालं. समोर बसून धमकी देतो तो दांडगट. तुम्हीच वर केसाने गळा कापण्याबद्दल लिहिलंय, इथे तर सरळ सुरी आहे.

उंबरठा

दोघेही त्या टीव्ही मुलाखतीबद्दल कसे बोलला नाहीत? माझ्या मते क्लेअरचा सगळा निकाल तिथे लागतो.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: दुसरा सीझन, ती उपराष्ट्राध्यक्षांची बायको, मुलाखत थेट चालू आहे. मूल का नाही, हा प्रश्न फिरून फिरून येतो आणि शेवटी सरळ विचारलं जातं, कधी गर्भपात केला होता का. नाही म्हणावं तर उद्या कोणीतरी कागद काढणार. हो म्हणावं तर नवऱ्याची कारकीर्द संपली. क्लेअर क्षणभर थांबते. क्लेअरचं काम करणारी रॉबिन राइट त्या क्षणात चेहऱ्यावर जवळजवळ काहीच करत नाही, फक्त नजर स्थिर होते. मग ती हो म्हणते, आणि सांगते की कॉलेजात असताना माझ्यावर बलात्कार झाला होता, त्यातून दिवस गेले होते. करणारा आज लष्करात मोठ्या हुद्द्यावर आहे. नावही घेते.

आता यातला बलात्कार खरा आहे. माणूस खरा आहे. गर्भपातही खरे आहेत, एकाहून जास्त. खोटा आहे तो फक्त दोन्हींमधला धागा. चार सत्यांना एक खोटा टाका घातला आणि आयुष्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट राजकीय ढाल म्हणून वापरली.

मला ते बघताना तिचा राग आला नाही. दोनच भाग आधी त्याच माणसाच्या खांद्यावर तिच्या नवऱ्याला समारंभात तारे लावावे लागले होते आणि ही समोर उभी राहून ते बघत होती. त्या माणसाविरुद्ध तिच्याकडे पुरावा नव्हता, न्यायालय नव्हतं. खोटेपणाच्या आडवाटेने का होईना, तिने त्याला गाठलं. याला कारस्थान म्हणायचं असेल तर म्हणा. मी नाही म्हणणार.

तर्कट

उंबरठा, प्रसंग फार नेमका मांडलात. पण तुम्ही सोयीच्या जागी थांबलात. मेगन हेनेसीचं काय?

मुलाखत चालू असताना फोन करून "माझ्यावरही त्यानेच" म्हणणारी ती पोरगी. तिच्या गोष्टीत एकही खोटा टाका नव्हता. क्लेअरने तिला कॅमेऱ्यांपुढे उभं केलं, लष्करातल्या लैंगिक अत्याचारांवरचं विधेयक तिच्या जोरावर पुढे रेटलं, आणि मतं जमेनात तेव्हा तडजोड करून तिला वाऱ्यावर सोडलं. मेगनने जीव द्यायचा प्रयत्न केला. आडवाटेने गाठलं म्हणता, त्या वाटेवर पायाखाली कोण आलं तेही बघा.

उंबरठा

पाहिलंय. त्यानंतर घरी जिन्यावर बसून क्लेअर हमसून हमसून रडते, तेही पाहिलंय. तिथे आजूबाजूला कोणी नाही, फ्रँकसुद्धा नाही.

तर्कट

रडली आणि पुन्हा कामाला लागली. फ्रँक निदान रडायचं नाटक तरी करत नाही.

बारा भानगडी

मी पात्राच्या मनात शिरत नाही, मला घटनेची कलमं आवडतात. :)

१) तिसऱ्या सीझनमध्ये सिनेट तिला संयुक्त राष्ट्रांतली राजदूत म्हणून नाकारतं आणि तोवर राष्ट्राध्यक्ष झालेला फ्रँक सिनेटच्या सुट्टीच्या काळातली नेमणूक करून तिला बसवतो. अमेरिकेत १९६७ पासून नातेवाइकांना सरकारी पदावर नेमण्याविरुद्ध कायदा आहे. केनेडींनी १९६१ साली सख्ख्या भावाला अॅटर्नी जनरल केलं होतं, त्यावरून झालेल्या ओरडीनंतरचा. मालिकेने तो अलगद ओलांडला.

२) चौथ्यात ती टेक्सासकडून राजकारणात उतरायला बघते आणि शेवटी नवऱ्याचीच उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार होते. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार एखाद्या राज्यातले निर्वाचक (राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांसाठी प्रत्यक्ष मत देणारे प्रतिनिधी) दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या माणसांना देऊ शकत नाहीत. फ्रँक साउथ कॅरोलिनाचा, ही डॅलसची. माहेर असं कामाला येतं!

३) 'हे सगळं अतिच आहे' म्हणणाऱ्यांसाठी: ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, तेव्हा कोणते कागद त्यांच्यापर्यंत जायचे आणि कोण भेटायचं हे बराच काळ त्यांच्या पत्नी ईडिथ ठरवत होत्या. कोणी निवडून दिलं नव्हतं. 'फर्स्ट लेडी' या पदाचा घटनेत उल्लेखही नाही. म्हणून ते थरारकथेला इतकं सोयीचं. हातात अधिकार शून्य, पण दार मात्र आपल्याच ताब्यात.

तिन्हीसांज

तिसरा मुद्दा लाखाचा. दार ताब्यात असलेली बाई!

जुना खोका

मूळ बीबीसीची १९९० ची मालिका कोणी पाहिली नाही का? तिथली बायको एलिझाबेथ अर्कर्ट, काम डायन फ्लेचरचं. दोन-चार वाक्यं, एक मंद हसू, आणि नवऱ्याला पत्रकार पोरीकडे ढकलणारी तीच. १९९५ च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी नवऱ्याची सद्दी संपत आलेली असते, सगळं उघडं पडणार असतं. तर ही बाई अंगरक्षकाला हाताशी धरून भर समारंभात त्यालाच गोळी घालायची व्यवस्था करते. का, तर त्याचं नाव चांगलं राहावं! तो मरताना तिच्या मांडीवर असतो. ना भाषण, ना कॅमेऱ्याशी गप्पा.

तिन्हीसांज यांचं म्हणणं बरोबर आहे, पण ते या बाईला जास्त लागू होतं.

मध्यरात्र

+१. आणि सहाव्या सीझनबद्दल न बोललेलंच बरं. फ्रँकचं काम करणाऱ्या केव्हिन स्पेसीला काढल्यावर घाईघाईने आठ भागांत आवरलेलं. क्लेअर राष्ट्राध्यक्ष, आणि डोक्याने खेळणारी बाई शेवटी ओव्हल ऑफिसमध्ये डगवर, म्हणजे फ्रँकच्या विश्वासू माणसावर, पत्र उघडायचा चाकू चालवते. असला शेवट तिला कोणी मागितला होता?

मला तर पडद्यामागची रॉबिन राइट जास्त भावली. क्लेअर फ्रँकपेक्षा लोकप्रिय असल्याचे आकडे हाती आल्यावर तिने स्पेसीइतकेच पैसे मागितले, नाहीतर जाहीर बोलेन म्हणाली. २०१६ मध्ये हे तिनेच सांगितलं.

तर्कट

जुना खोका यांच्यामुळे पहिला सीझन परत लावला. एक जागा मीच विसरलो होतो. संस्थेतली निम्मी माणसं काढून झाल्यावर क्लेअर एव्हलिनला, म्हणजे ऑफिस सांभाळणाऱ्या वयस्कर बाईलाही घरी पाठवते. मग कॉफी घ्यायला जाते, तर काउंटरवर एक म्हातारी गल्ल्याच्या यंत्रापुढे चाचपडतेय, बटण सापडत नाहीये. क्लेअर नुसती बघत राहते. फ्रँक असता तर मान वळवून आपल्याला एक चमकदार वाक्य ऐकवलं असतं. इथे काहीच नाही आणि तरी पुरेसं आहे. गप्प राहण्याचा मुद्दा तुमचा, घ्या.

पाताळयंत्री मात्र अजूनही म्हणणार नाही. यात डाव कुठे आहे?

तिन्हीसांज

दोन दृश्यं मागे जा. बाकीच्यांना काढायचं काम तिने आधी एव्हलिनच्याच हातून उरकून घेतलं होतं.