मदत हवी आहे : पेनसिल्व्हेनियातल्या स्नायडर घराण्याचा जर्मन मूळपुरुष

धागाकर्ता :
सुनेच्या माहेरची वंशावळ जुळवतो आहोत. घराणं पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीचं. मूळपुरुष योहानेस, थडग्यावर जन्म १७४१. तो १७४९ साली जहाजाने फिलाडेल्फियाला आला, असं घरात सांगतात. हाताशी जर्मन बायबल (मुलांचे जन्म १७६८ पासून), एका मुलाचा रंगीत बाप्तिस्मा-दाखला आणि मृत्युपत्राची नक्कल आहे. जहाजांच्या याद्यांत योहानेस श्नायडर (स्नायडरचं जर्मन रूप) बरेच दिसतात. आपला कोणता? गाव कसं कळेल? आणि बायबलात एका जन्मापुढे '८बर' आहे, तो ऑगस्ट ना?

प्रतिसाद १ :
'८बर' म्हणजे ऑक्टोबर. तसंच ७बर सप्टेंबर, ९बर नोव्हेंबर.

याद्यांतला एकही योहानेस तुमचा नसावा. १७२७ पासून तिथे उतरणाऱ्या जर्मनांकडून ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेत, पण सोळा वर्षं आणि त्यापुढच्या पुरुषांकडूनच. बायका-मुलांची नावं क्वचितच येतात. थडग्यावरचं साल खरं असेल, तर १७४९ मध्ये पोरगं आठ वर्षांचं. यादीत असलाच तर त्याचा बाप, आणि त्याचं नाव अजून तुमच्याकडे नाही. नुसतं नाव जुळलं म्हणून जहाज चिकटवू नका. कितीतरी वंशावळी त्यानेच बिघडल्या आहेत.

आधी बापाचं नाव काढा. बर्क्समधल्या लुथरन आणि रिफॉर्म्ड चर्चच्या नोंदवह्या बघा. हे दोन्ही प्रोटेस्टंट पंथ बऱ्याच ठिकाणी एकच इमारत वापरत, पण वह्या वेगळ्या ठेवत, तेव्हा दोन्ही चाळा. १७५५ च्या आसपासच्या दृढीकरणाच्या (किशोरवयात चर्चचं सभासदत्व पक्कं करण्याच्या विधीच्या) याद्या, मग १७६८ च्या आधीचं लग्न. तिथे 'अमक्याचा मुलगा' असं मिळू शकतं. सगळ्यांत मोलाची दफनाची नोंद. काही पाद्री त्यात मृताचं जन्मगाव आणि अमेरिकेत आल्याचं सालही लिहीत. मुलांच्या बाप्तिस्म्याचे साक्षीदार उतरवून घ्या, ते बहुधा भावंडं किंवा गाववाले असतात. श्नायडरसारख्या आडनावात गाव सापडतं ते अशा शेजाऱ्यांच्या विरळ आडनावांवरून.

बर्क्स काउंटी १७५२ ची. त्याआधीचे जमिनीचे आणि वारशाचे कागद फिलाडेल्फिया, लँकेस्टर, चेस्टर इथे शोधा.

प्रतिसाद २ :
मृत्युपत्राबद्दल. काउंटीच्या नोंदवहीतली प्रत कारकुनाने उतरवलेली असते, सहीही त्याच्याच अक्षरात. मूळ जर्मन असेल तर वहीत बऱ्याचदा इंग्रजी भाषांतरच असतं. मूळ कागदाची प्रत मागवा. बापाचं नाव कळलं की त्याच्याही मूळ कागदावरची सही काढा आणि शपथेच्या यादीतल्या सहीशी ताडून बघा. त्या सह्यांच्या हुबेहूब प्रतिमा छापील संग्रहात आहेत. जहाजाच्या कप्तानाने दिलेली प्रवाशांची यादी यासाठी कामाची नाही, तिथे दुसऱ्याने कानाला लागेल तसं लिहिलेलं असतं. शपथेच्या यादीतही निरक्षर माणसाची फक्त खूण असते आणि नाव कारकुनाचं.

बायबल कोणत्या साली छापलंय? मुखपृष्ठ नव्हे, आतलं शीर्षकपान बघा.

धागाकर्ता :
जर्मनटाउन, मुद्रक क्रिस्टोफ साउर, १७७६. पहिल्या चार नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या.

प्रतिसाद २ :
जन्म १७६८ पासूनचे आणि बायबल १७७६ चं, म्हणजे त्या चार नोंदी नंतर एका बैठकीत उतरवल्या आहेत. तारखा चर्चच्या वहीशी ताडल्याशिवाय पक्क्या धरू नका. बाप्तिस्मा-दाखलाही कधीकधी बऱ्याच वर्षांनी करून घेत. पण त्यात आईचं माहेरचं आडनाव, टाउनशिप (काउंटीतला छोटा विभाग) आणि पाद्र्याचं नाव असतं. पाद्र्यावरून कोणती वही उघडायची ते कळतं.

प्रतिसाद १ :
गावाचा अंदाज आला की चर्चच्या वह्या दाखवणारी संकेतस्थळं बघा : प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्किऑन (पैसे भरून), कॅथलिकांसाठी मात्रिकुला (फुकट). १७४१ चा बाप्तिस्मा मिळाल्यावर थांबू नका, पुढची पानं उलटा. तोच योहानेस लहानपणी दफन झालेला निघाला तर तो तुमचा नव्हे. आणि त्या घरातल्या नोंदी १७४९ नंतरही तिथेच चालू असतील, तर ते कुटुंब अमेरिकेला गेलेलंच नाही.