डर्बीला पाहुण्यांची तिकिटं कापावीत का?

गोदाकाठ, परभणी

डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या किंवा शेजारच्या दोन क्लबांचा फुटबॉल सामना. विषय ग्लासगोच्या दोन क्लबांचा, रेंजर्स आणि सेल्टिकचा, पण आपल्या मैदानापर्यंत येतोच.

रेंजर्स–सेल्टिक सामन्याला 2018 पर्यंत पाहुण्या संघाच्या लोकांना गोलमागचा जवळपास अख्खा स्टँड मिळायचा, सात हजारांच्या आसपास माणूस. त्या वर्षी रेंजर्सनं आकडा आठशेवर आणला, सेल्टिकनंही मग जशास तसं केलं. 2023 मध्ये, कोपऱ्यात बसवलेल्या एवढ्याशा लोकांच्या सुरक्षेची हमी कोण घेणार यावरून तेवढीही तिकिटं बंद पडली. शेवटी साधारण 2,500 वर, म्हणजे 5 टक्क्यांवर, तडजोड झाली आणि 2025 च्या जानेवारीपासून ती लागू झाली.

माझं मत असं की 5 टक्के बरोबर आहे आणि डर्बीला त्याच्या वर जाऊच नये. डर्बीचा पाहुणा खरा पाहुणा नसतो. लंडनहून न्यूकासलला जाणारे लोक ठरावीक गाडीनं, ठरावीक बसनं येतात. स्टेशनापासून गेटापर्यंत त्यांना एका रांगेत आणता येतं. डर्बीवाला त्याच गावचा. तो चार गल्ल्यांतून चालत येतो आणि सामन्याआधी यजमानांच्याच हॉटेलात बसलेला असतो. त्याला रस्त्यात वेगळा कसा काढणार? क्लबच्या हातात एकच गोष्ट उरते, आकडा. तोच आवळायचा.

लेफ्ट बॅक, नांदेड

दादा, आकडा आवळला की बंदोबस्त कमी लागतो, हे गणितच चुकलंय.

स्टँड डोळ्यांपुढं आणा. गोलमागचा स्टँड पूर्ण दिला तर पाहुण्यांची हद्द यजमानांना दोनच ठिकाणी लागते, डावा कोपरा आणि उजवा कोपरा. पुढं मैदान, मागं भिंत. आता त्यांना 750 खुर्च्यांचा तुकडा द्या. हद्दी तरी दोनच, आणि लांबीही तीच, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

धरा 30 ओळी आहेत आणि प्रत्येक हद्दीवर ओळीमागं 6 खुर्च्या रिकाम्या ठेवून वर जाळी टाकायची. 30 गुणिले 6 गुणिले 2, म्हणजे 360 खुर्च्या वाया. सात हजारांमागं 360 म्हणजे 5 टक्के. 750 मागं 360 म्हणजे निम्म्याला आल्या की! त्या जाळीपाशी उभी राहणारी माणसं तेवढीच लागतात, पोलीसही तेवढेच.

आणि रुंदी बघा. 30 ओळींत 750 म्हणजे ओळीला 25 खुर्च्या. एक खुर्ची अर्धा मीटर धरली तर सगळा तुकडा साडेबारा मीटरचा. डावीकडून फेकलेली बाटली उजव्या हद्दीपर्यंत सहज जाते. सात हजारांच्या स्टँडमध्ये निदान मधली माणसं फेकीच्या बाहेर असतात, इथं म्हातारं-पोर सगळेच टप्प्यात. वर दुसरा मजला यजमानांचा असेल तर विचारूच नका. 2023 ला ग्लासगोत जे झालं ते उगीच नाही झालं.

ऑफसाइड, लातूर

सुरक्षा-बिरक्षा नंतर बोला. 2018 ला रेंजर्सनं स्वतःच सांगितलं होतं, आपल्या लोकांची सीझन तिकिटाची मागणी आहे, त्यांना जागा पाहिजे म्हणून. सीझन तिकीट म्हणजे हंगामाआधीच रोख हातात. त्या स्टँडवरचा पाहुणा वर्षातून दोनदा येणार आणि एरवी तिथं कमी मागणीची तिकिटं खपवत बसायची. दुकानदार काय करेल सांगा?

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगनं यावर खुंटी मारून ठेवलीय. पाहुण्यांना 3,000 तिकिटं, आणि मैदान 30,000 पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या 10 टक्के. पाहुण्याच्या तिकिटाचा दर 2016-17 च्या हंगामापासून 30 पौंडांच्या वर नाही. डर्बी असो की आणखी काही. क्लबच्या मनावर सोडलं असतं तर मँचेस्टर आणि लिव्हरपूलमध्ये कधीच शून्य झालं असतं.

गोदाकाठ, परभणी

@ऑफसाइड, मग एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेत पाहुण्यांना 15 टक्के कसे देतात? क्लब एवढे लोभी आहेत तर तिथंही कापले असते.

ऑफसाइड, लातूर

कपचा नियमच तसाय, आणि कपात गेटचे पैसे दोघांत वाटून घेतात. लीगमध्ये सगळे यजमानाचे. पण तुमच्याच प्रश्नात तुमचं उत्तर आहे बगा. 60,000 च्या मैदानात 15 टक्के म्हणजे 9,000 पाहुणे. तेच मैदान, तेच शहर, तेच पोलीस. बुधवारी कपात 9,000 सांभाळता येतात आणि रविवारी लीगमध्ये 3,000 जड होतात, असं कसं?

तिसरा पंच, बीड

आरं, पाहुणे शून्य करून पाहिलेत की लोकांनी! अर्जेंटिनात 2013 ला एका चाहत्याचा जीव गेला, तवापासून लीगला पाहुण्या चाहत्यांवर बंदी आली. मग 2018 ची कोपा लिबर्तादोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या क्लब स्पर्धेची, फायनल बघा. रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स, दोन्ही एकाच शहरातले, दुसरी लढत रिव्हरच्या मैदानावर, बोकाचा एकही चाहता आत नाही. तरी 24 नोव्हेंबरला बोकाची बस मैदानाकडं येताना दगडांनी फोडली, खेळाडूंच्या डोळ्यांत काचा गेल्या. सामना झाला तो 9 डिसेंबरला, माद्रिदला. आणि तिथं दोन्हीकडचे लोक होते, वेगवेगळ्या बाजूला बसवलेले. नीट पार पडला.

साओ पाउलोत 2016 पासून डर्बीला फक्त यजमानांचे लोक. तिथली हाणामारी तर मुळात मेट्रो स्टेशनांवर व्हायची, मैदानापासून लांब. स्टँड रिकामा केल्यानं स्टेशन कामून शांत होईल?

गोदाकाठ, परभणी

बंदीच्या बाजूनं मी बोललोच नाही, मर्यादेच्या बाजूनं बोलतोय. आणि मर्यादा नसली की काय होतं ते आपल्याच देशात घडलंय. 16 ऑगस्ट 1980, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. दोन्हीकडचे लोक एकाच स्टँडमध्ये मिसळलेले. 16 जीव गेले. याला काय म्हणाल?

आमखासवाला, संभाजीनगर

याला वेगळं बसवण्याची गरज म्हणतात, कमी बसवण्याची नाही. त्याच दोन क्लबांचा 13 जुलै 1997 चा फेडरेशन कप उपांत्य सामना सॉल्ट लेकवर झाला. 1,31,781 प्रेक्षक होते आणि दोन्ही रंगांचे लोक प्रचंड संख्येनं होते.

आणि डर्बीत माणसं मेली म्हणजे एकमेकांना मारून मेली, असं धरू नका. 2 जानेवारी 1971, रेंजर्सचं मैदान आयब्रॉक्स, रेंजर्स–सेल्टिक. 66 मृत्यू. मारामारीत एकही नाही. सगळे यजमानांच्या बाजूच्या 13 नंबरच्या जिन्यावर, बाहेर पडताना चेंगरून. म्हणून पाहुण्यांचा आकडा ठरवायचा असेल तर गेट आणि जिना मोजून ठरवा. मैदानांच्या ब्रिटिश सुरक्षा मार्गदर्शिकेत त्याचे आकडे आहेत, मी फक्त गुणाकार करतो.

आत येताना एका फिरत्या गेटातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरायची. 3,000 पाहुणे एका तासात घ्यायचे तर पाच गेटं. त्याहून जास्त धरलंत तर कागदावर बसतं, गेटावर नाही.

झडती हा खरा अडसर. एका माणसाला 10 सेकंद लागले तर एक झडतीवाला मिनिटाला 6 माणसं सोडतो. डर्बीला लोक उशिरा येतात. धरा 1,800 जण शेवटच्या अर्ध्या तासात आले. मिनिटाला 60 झाले, म्हणजे 10 झडतीवाले हवेत. सहाच ठेवले तर सामना सुरू होताना सातशेवर माणूस बाहेर अडकलेला. आतून पहिला ओरडा ऐकू आला की मागून ढकलाढकली सुरू. आणि मग दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, पाहुण्यांचा धुडगूस.

बाहेर जाताना सगळे 8 मिनिटांत स्टँडबाहेर पडले पाहिजेत. 3,000 भागिले 8 म्हणजे मिनिटाला 375. सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला 82, जिन्यावर 66. म्हणजे सपाट वाट साडेचार मीटरच्या वर आणि जिने सगळे मिळून पावणेसहा मीटर रुंद लागतात. जिना तीनच मीटर असेल तर तीन गुणिले 66 गुणिले 8, साधारण 1,580. तुमचा आकडा हा. मग 5 टक्के येवो की 2 टक्के, टक्केवारीला काही अर्थ नाही.

लेफ्ट बॅक, नांदेड

👆 याच्यावर कोण बोलणार आता.

कट्टर यजमान, जालना

मी बोलतो. तुम्ही सगळे पाहुणे जाळीमागंच बसतील असं धरून चाललात. मोठा वाटा द्या की छोटा, डर्बीत काही जण यजमानांच्या स्टँडमध्ये तिकीट काढून बसणारच, कारण शहर एक, मित्र एक, मेहुणा त्याच क्लबचा सभासद. 28 जानेवारी 2024 ला वेस्ट ब्रॉम–वुल्व्ज या इंग्लंडच्या शेजारी क्लबांचा एफए कपचा सामना अर्ध्या तासाहून जास्त थांबला, तो यजमानांच्या स्टँडमधल्या गोंधळामुळं. पाहुण्यांचा कोपरा वेगळाच होता.

म्हणून मुख्य काम यजमानांच्या तिकिटावर करावं लागतं. आधीच्या सामन्यांना तिकीट काढलेल्या सभासदालाच विक्री, एका नावावर एकच, आणि खुली विक्री पूर्ण बंद. पाहुण्यांच्या बाजूनं वेल्समधल्या कार्डिफ–स्वानसी या दोन शहरांच्या डर्बीत बरीच वर्षं चाललेली पद्धत चांगली होती. चाहत्याला आधी फक्त पावती. क्लबच्या बसमध्ये बसायचं, वाटेत ठरलेल्या थांब्यावर पावती देऊन तिकीट घ्यायचं, बस थेट पाहुण्यांच्या गेटाशी. स्वतःच्या गाडीनं आलेल्याला प्रवेशच नाही. गोदाकाठ म्हणतात तशी गल्लीतून येण्याची भानगड त्यात मिटते. यात आकडा तीन हजार असला तरी चालतो, शिस्त असली की झालं.

ऑफसाइड, लातूर

त्या बसला लोक किती कंटाळले होते तेही सांगा की ओ. मैदानाजवळ राहणाऱ्यानं आधी आपल्या क्लबच्या शहरात जाऊन बसमध्ये बसायचं आणि तीच बस त्याला त्याच्या घरावरून परत घेऊन येणार!

गोदाकाठ, परभणी

बरं. इंग्लंड-स्कॉटलंड पुरे, आता आपल्याकडचं बोला. मैदानाला तारेचं कुंपण, बाकी बल्ल्या. फायनल शेजारच्या जिल्ह्याच्या संघाशी. चार हजार माणूस मावतं. पाहुण्यांना किती पास? मी म्हणतो 200.

आमखासवाला, संभाजीनगर

200 छापा, 600 येतील. तिकीट नसलेला माणूस 70 किलोमीटरवरून जीप करून आल्यावर परत जात नसतो. कुस्तीच्या फडाला समोरच्या गावाला कोणी पास वाटतं का? 600 च छापा, वेगळ्या रंगात, आणि बाहेर सापडलेल्याला आत घ्या, आपल्या बाजूला नाही, त्यांच्याच बाजूला.

बल्ल्यांची एकेरी रांग काही कामाची नाही, लोक तिला टेकून बसतात आणि गोल झाला की ती आडवी. दोन रांगा, मध्ये 10 ते 12 फूट मोकळं, त्यात फक्त स्वयंसेवक. उभी बल्ली दर 6 फुटांना, दोन फूट जमिनीत. काळी माती ओली असेल तर अडीच, नाहीतर हलते. प्लास्टिकच्या सुट्या खुर्च्या हद्दीपाशी अजिबात नको, ताडपत्री अंथरा. पाणी पाऊचमध्ये, बाटली नको. हलगी दोन्हीकडं चालेल, पण हद्दीपासून लांबच्या टोकाला, कारण हलगीभोवती गर्दी गोळा होते आणि हलगीवाला सरकला की गर्दी सरकते.

पाहुण्यांचं गेट बाहेर उघडणारं हवं, आणि कुलूप नको, माणूस उभा करा.

तिसरा पंच, बीड

एक राहिलं. सावली. आपल्याकडं पाहुण्यांना नेमकं पूर्वेच्या बाजूला बसवतात, म्हणजे दुपारभर ऊन तोंडावर. मध्यंतरात ते लोक लिंबाच्या सावलीला सरकायला लागतात आणि ती लिंबं निघतात यजमानांच्या हद्दीत. हद्द मोडली ती अशी. भांडण नाही, काही नाही, नुसतं ऊन. अशानं बल्ल्या कितीबी रोवा. पाहुणे पश्चिमेला बसवा, सूर्य पाठीला.

आणि वेळ. डिसेंबरात पावणेसहाला दिवस मावळायला लागतो. 90 मिनिटं, मध्यंतर 15, वाया गेलेला वेळ 5, जादा वेळ 30, पेनल्टी 15. सगळं धरून दोन तास पस्तीस मिनिटं. साडेतीनला सुरू करून पेनल्टीपर्यंत गेलं तर सहा वाजून पाच मिनिटं, लाइट नाहीत आणि पाहुण्यांच्या जीपा अंधारात निघणार. तीनला शिट्टी वाजलीच पाहिजे. पाहुण्यांच्या भाषणांना सामन्याआधी वेळच ठेवू नका.

लेफ्ट बॅक, नांदेड

प्रमुख पाहुण्यांच्या, म्हणायचंय का? 😄 त्यांची तिकिटं कापायला सगळेच तयार होतील.

कट्टर यजमान, जालना

संपल्यावर दोघांना एकदम सोडू नका. इंग्लंडात कधीकधी पाहुण्यांना काही वेळ आत थांबवतात, पण आपल्याकडं जिंकलेला संघ बक्षीस घ्यायला मैदानात आणि त्यांचे लोक कुंपणावर, असं होतं. पाहुणे हरले तर त्यांना आधी सोडा, जिंकले तर बक्षीस समारंभ त्यांच्याच बाजूला लावा आणि यजमान निघून जाईपर्यंत लांबवा.

गोदाकाठ, परभणी

600 जास्तच वाटतात. 400 वर येतो, चार हजारांचे 10 टक्के. पण आमखासवाल्यांचा जिन्याचा हिशेब इथं लावला तर आमचं पाहुण्यांचं गेट दीड मीटरचं आहे. दीड गुणिले 82 गुणिले 8 म्हणजे 984 निघतात. म्हणजे 600 ला गेट पुरतंय, हे मला मान्य करावं लागेल. बल्ल्या मात्र तेवढ्या नाहीत, त्या कुणाच्या मांडववाल्याकडून मिळतात ते बघतो.