नाझींनाही मोर्च्याचा हक्क? स्कोकीचा खटला

पाटपाणी
शिकागोला लागून स्कोकी नावाचं गाव आहे. हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी ज्यू १९७७ साली तिथे राहत होते. नेमक्या त्याच गावात फ्रँक कॉलिन या अमेरिकी नाझी पुढाऱ्याला गणवेश चढवून, नाझी स्वस्तिक मिरवत निदर्शनं करायची होती. गावाने साडेतीन लाख डॉलरचा विमा मागितला, लष्करी थाटाच्या गणवेशावर आणि द्वेषाच्या पत्रकांवर बंदी घातली. कोर्टांनी एकेक करून सगळं उडवलं. कॉलिनच्या बाजूने उभी राहिली एसीएलयू ही नागरी स्वातंत्र्याची संघटना आणि तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर, जे स्वतः ज्यू! हजारो सभासद चिडून संघटना सोडून गेले.

माझ्या मते गोल्डबर्गर बरोबरच होते. कोणाचं तोंड बंद करायचं हे एकदा सरकारवर सोपवलं की ते तुम्हाला विचारायला येत नाही.

गवतीचहा
हे म्हणायला सोपं आहे हो. हातावर छावणीचा नंबर गोंदलेल्या म्हातारीने काय करायचं? दार लावून बसायचं? २००३ साली याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धमकावण्यासाठी क्रॉस जाळणं (काळ्यांना घाबरवायची कू क्लक्स क्लान या गोऱ्या वंशवादी टोळीची जुनी रीत) हा गुन्हा ठरवता येतो. मग क्रॉस जाळला की धमकी, आणि वाचलेल्यांच्या दारात नाझी स्वस्तिक नाचवलं की विचार?

उनाडपाखरू
कॉलिनचा मूळ अड्डा शिकागोचं मार्क्वेट पार्क. १९६६ मध्ये त्याच भागात काळ्यांना घरं मिळावीत म्हणून मार्टिन ल्यूथर किंग मोर्चा घेऊन गेले, तेव्हा जमावाने दगड मारला आणि तो त्यांच्या डोक्याला लागला. त्या गोऱ्या वस्तीच्याही 'भावना दुखावल्या'च होत्या की! स्कोकीचा नियम तिथे लावला असता तर पहिला बळी किंग यांच्या मोर्च्याचा गेला असता.

गवतीचहा
किंग आणि कॉलिन एकाच तागडीत? धन्य आहे.

उनाडपाखरू
माणसं नाही हो, परवानगी देणारा अधिकारी एकच आहे.

खडीसाखर
२०१७ चं शार्लट्सव्हिल विसरलात का? तिथेही एसीएलयूच्या व्हर्जिनिया शाखेने गोऱ्या वंशवाद्यांच्या सभेच्या जागेसाठी कोर्टात भांडून परवानगी मिळवून दिली. त्यातल्याच एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, एक तरुणी गेली. त्यानंतर संघटनेने जाहीर केलं की बंदुका घेऊन मोर्चा काढणाऱ्या द्वेषाच्या टोळक्यांची बाजू आम्ही मांडणार नाही. चाळीस वर्षांनी त्यांनाही कळलं म्हणायचं.

पाटपाणी
बंदुकीला नाही म्हटलं, भाषणाला नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या ब्रँडनबर्ग निकालापासून कसोटी ठरलेली आहे: बोलणं ताबडतोब बेकायदा कृत्य घडवण्यासाठी असेल आणि तसं घडण्याची शक्यताही असेल, तरच शिक्षा. गंमत बघा, भाषणस्वातंत्र्याबाबत त्यांची पहिली घटनादुरुस्ती (१७९१) सरकारचे हात बांधते, आपली पहिली (१९५१) सरकारचे हात मोकळे करते.

खडीसाखर
मुंबईत ९२-९३ पाहिलंय. इथे 'ताबडतोब' ठरेपर्यंत गल्ली पेटलेली असते. आपली दुरुस्ती मला चालते.

गवतीचहा
बरं, शेवटी स्कोकीत मोर्चा निघाला का?

पाटपाणी
नाहीच! मार्क्वेट पार्कची परवानगी मिळाल्यावर १९७८ मध्ये कॉलिनने स्कोकीचा बेत सोडला. उलट वाचलेली मंडळी बोलायला लागली. आधी संस्था काढली, २००९ मध्ये स्कोकीतच मोठं होलोकॉस्ट म्युझियम उभं राहिलं.

गवतीचहा
ते त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. कोर्टाच्या खात्यात जमा करू नका.