शब्दचर्चा : 'बळी', 'मयत' की 'पीडित'? आणि 'प्रोव्होकेशन'ला काय म्हणायचं?

टिपणवही

२०२१ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, केनोशा शहरात काइल रिटनहाउसवर चाललेला खटला इथल्या अनेकांनी थेट प्रक्षेपणात पाहिला असेल. मी सध्या त्याचं रेकॉर्डिंग पाहत दिवसवार मराठी टिपणं काढतो आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : २३ ऑगस्ट २०२० ला पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर गोळ्या झाडल्या, शहर पेटलं, आणि २५ तारखेच्या रात्री शेजारच्या इलिनॉयमधून आलेला सतरा वर्षांचा रिटनहाउस एआर-१५ पद्धतीची रायफल घेऊन रस्त्यावर उभा होता. त्याने एकूण आठ गोळ्या झाडल्या. जोसेफ रोझेनबॉम आणि अँथनी ह्यूबर मेले, गेज ग्रॉसक्रॉइट्झच्या दंडाला गोळी लागली. गोळ्या कोणी झाडल्या हा वादच नव्हता, सगळं व्हिडिओत आहे. वाद एवढाच की झाडल्या त्या जीव वाचवायला का.

साक्षी सुरू व्हायच्या आधीच माझी गाडी अडली. न्यायाधीश ब्रूस श्रोडर यांनी ऑक्टोबरातच सांगून टाकलं होतं की मेलेल्या दोघांना आणि जखमीला सरकारी वकिलांनी 'व्हिक्टिम' म्हणायचं नाही. शब्दात आधीच निकाल भरलेला आहे, आणि 'कथित व्हिक्टिम' हाही त्याचाच चुलतभाऊ, असं त्यांचं म्हणणं. उलट बचावाच्या वकिलांना मात्र अखेरच्या युक्तिवादात, पुराव्यात तसं आलं असेल तर, या तिघांना दंगेखोर, लुटारू, जाळपोळ करणारे म्हणायची मुभा. यावर तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली होती.

तर मराठीत काय लिहू? 'बळी' लिहिलं की माझ्या कानाला तरी कोणीतरी तो घेतलेला आहे असं ऐकू येतं. 'पीडित' त्याहून वाईट. 'मृत' चालेल, पण वाक्यात ते गारठून पडतं.

जुना शिरस्तेदार

एवढी शोधाशोध कशाला? तुमचा शब्द गेली कित्येक वर्षं प्रत्येक पंचनाम्यात पडून आहे : मयत. 'मयत इसम नामे अमुक', 'मयताच्या अंगावरील कपडे', 'मयताचे नातेवाईक'. माणूस मेला, एवढंच तो सांगतो. कसा मेला, कोणामुळे मेला, चूक कोणाची, यातलं काही तो बोलत नाही. श्रोडरसाहेबांना हवा होता तसा शब्द आपल्या हवालदाराच्या पेनात आयता आहे.

जो जगला तो 'जखमी साक्षीदार'. आमच्याकडे तोच रूढ शब्द.

'पीडित' हा कायद्यात २००९ च्या दुरुस्तीपासून आलेला शब्द. तो भरपाई, अपिलाचा हक्क वगैरेंसाठी लागतो. स्वसंरक्षणाच्या खटल्यात तो वापरणं म्हणजे पेपर फुटल्यासारखं.

ओवी

'मयत' मान्य, पण 'बळी'वर अन्याय होतोय. उष्माघाताचे बळी, दुष्काळाचे बळी, अपघाताचे बळी, यात आरोपी कोण आहे? दोष नामात नाही, क्रियापदात आहे. 'दोघांचा बळी गेला' आणि 'दोघांचा बळी घेतला' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. टिपणवही, 'त्या रात्री दोन बळी गेले' असं लिहिलंत तर कोणालाही कोर्टात खेचलंत असं होत नाही.

आणि 'मयत' पंचनाम्यात ठीक आहे हो, पण रोजच्या टिपणात सारखं 'मयत रोझेनबॉम, मयत ह्यूबर' वाचलं की पोलीस पाटील दारात उभा असल्यासारखं वाटतं. आमच्याकडे 'मयतीला जाऊन आलो' म्हणतात, तेही सारखं आठवत राहतं.

टिपणवही

ओवीताई, क्रियापदाचा मुद्दा पटला. पण तिथल्या परिस्थितीत 'बळी गेले' हेसुद्धा सरकार पक्षाच्या पारड्यात जातं असं मला वाटतं. उष्माघातात समोर हातात रायफल घेतलेला माणूस नसतो. मी पहिल्या उल्लेखाला 'मयत' आणि पुढे नुसती आडनावं, असं ठरवतोय.

आता दुसरी अडचण, आणि ही जास्त अवघड आहे. 'प्रोव्होकेशन'. सरकारी वकील थॉमस बिंगर यांचा अखेरचा सगळा भर त्यावर होता. ड्रोनच्या व्हिडिओतलं एक धूसर चित्र दाखवून ते म्हणत होते की रिटनहाउसने आधी एकावर रायफल रोखली, म्हणून रोझेनबॉम त्याच्या मागे लागला. विस्कॉन्सिनच्या कायद्यात तुम्ही स्वतःच प्रोव्होक करून हल्ला ओढवून घेतलात, तर स्वसंरक्षणाचा हक्क तसा उरत नाही. मारलं जाण्याची रास्त भीती हवी आणि पळून सुटायचे सगळे मार्ग संपलेले हवेत, तरच तो परत मिळतो. शब्दकोश 'प्रक्षोभन' देतो. एका दैनिकाने 'चिथावणी' छापलं होतं.

जुना शिरस्तेदार

'प्रक्षोभन' इथे उफराटं होईल. आपल्याकडे 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभन' हा आरोपीच्या बाजूचा मुद्दा. मयताने असं काही केलं की आरोपीचं डोकं फिरलं, म्हणून खून न धरता सदोष मनुष्यवध धरा, असं त्यात मागतात. केनोशात बिंगर सांगत होते ते बरोबर उलट : आरोपीने समोरच्याला डिवचलं, म्हणून आरोपीचा बचाव पडतो. एकच इंग्रजी शब्द, पण एकीकडे तो आरोपीला तारतो आणि दुसरीकडे बुडवतो. दोन्हीकडे 'प्रक्षोभन' लिहिलंत तर वाचणारा गोंधळणार नाही तर काय?

ओवी

'चिथावणी' तर साफ चुकीचं. चिथावणी तिसऱ्याला देतात, दुसऱ्यावर सोडण्यासाठी. जमावाला चिथावणी दिली असं म्हणतात. स्वतःवर हल्ला करायला कोणी कोणाला चिथावणी देत नाही.

कुरापत म्हणा ना! 'कुरापत काढली' म्हणजे भांडण आधी कोणी उकरून काढलं ते आलंच त्यात. कुरापत काढणाऱ्याने नंतर मार खाल्ला तर आपल्याकडे त्याला कोणी सहानुभूती दाखवत नाही, हाही अर्थ त्याला चिकटलेला आहे. विस्कॉन्सिनचा कायदा नेमकं तेच म्हणतोय.

बातमीतला

कुरापत मला हलका वाटतो. आम्ही 'सीमेवर पाकच्या कुरापती' इतक्या वेळा छापलंय की शब्द गुळगुळीत झालाय, आणि शाळेतल्या पोरांच्याही कुरापतीच असतात. माणसावर रायफल रोखणं म्हणजे कुरापत? 'आगळीक' घ्या. आगळीकीत मर्यादा ओलांडल्याचा अर्थ आहे.

ओवी

आगळीकीत मर्यादा ओलांडली जाते, पण समोरच्याने त्यावर हात उचलला असा अर्थ येत नाही. मोठ्यांशी उद्धट बोलणं हीसुद्धा आगळीक. इथे महत्त्वाचा आहे तो क्रम : आधी याने काय केलं, मग त्याने काय केलं. तो कुरापतीत आहे. शब्द हलका असेल तर वाक्य जड करा. 'रायफल रोखून कुरापत काढली' यात हलकं काय आहे?

टिपणवही

कुरापत घेतला. त्याच्यापुढे 'माघार'ही नीट बसतो. कुरापत काढणारा मनापासून माघार घेऊन ती समोरच्याला कळेल अशी वागणूक दाखवेल, तर त्याचा हक्क परत जिवंत होतो, असं तिथलं कलम आहे. रिटनहाउस रोझेनबॉमपुढे पळत होता, आणि पळताना आपण 'फ्रेंडली, फ्रेंडली' असं ओरडलो असं त्याने साक्षीत सांगितलं. हा फौजी वापरातला शब्द, म्हणजे मी शत्रू नव्हे. याला काय म्हणू? 'मैत्रीपूर्ण, मैत्रीपूर्ण' असं ओरडत कोण पळेल?

मिलवॉकीकर

'मी आपलाच! मी आपलाच!'

मी त्या आठवड्यात ऑफिसात होतो तेव्हा सगळ्यांच्या एका कानात हा खटला चालू असायचा. ८ नोव्हेंबरचा सोमवार विसरणार नाही. ग्रॉसक्रॉइट्झ हा सरकारचा साक्षीदार. बचावाचे कोरी चिराफिसी यांनी त्याला विचारलं की तुम्ही पिस्तूल त्याच्या दिशेने धरून पुढे सरकलात, तोपर्यंत त्याने तुमच्यावर गोळी झाडली नव्हती, बरोबर? तो म्हणाला, बरोबर. बिंगरच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने डोकं हातात धरलं, ते चित्र दिवसभर फिरत होतं. मराठी व्हॉट्सॲपवर लगेच 'साक्षीदार फितूर' असं आलं. चालेल का?

जुना शिरस्तेदार

मुळीच नाही. 'फितूर' हा कोर्टाच्या परवानगीने ठरतो. ज्या पक्षाने साक्षीदार आणला त्यानेच अर्ज करायचा की हा आमच्याविरुद्ध बोलतोय, आम्हाला याचा उलटतपास घेऊ द्या. ग्रॉसक्रॉइट्झला कोणी तसं ठरवलं नाही, आणि तो पोलिसांना दिलेल्या जबाबावरून पैसे खाऊन फिरला असंही काही नव्हतं. 'उलटतपासात कबुली दिली' एवढं लिहा. क्रम लक्षात ठेवा : ज्याचा साक्षीदार तो घेतो तो सरतपास, समोरचा घेतो तो उलटतपास, आणि त्यानंतर डागडुजी करायला पहिला पुन्हा उठतो तो फेरतपास.

रायफल म्हणजे मुद्देमाल. कागदावर, व्हिडिओवर जो नंबर पडतो ती निशाणी. 'एक्झिबिट' लिहायची गरज नाही.

बातमीतला

मूळ शब्दाकडे या ना. 'सेल्फ डिफेन्स'. आमच्या कॉपीत 'पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला' हे वाक्य इतकं घोटलंय की हात आपोआप टाइप करतो. चकमकीची बातमी आली की प्रेसनोटमधूनच ते तयार येतं.

ओवी

आणि तिथेच गोम आहे. 'स्वसंरक्षणार्थ' म्हटलं की दावा वस्तुस्थिती होऊन बसतो. खटल्याच्या टिपणात निकालापर्यंत 'स्वसंरक्षणाचा दावा' हेच हवं. शिवाय 'बचाव' हा शब्द दोघांना वाटून दिलाय, हेही सांभाळा. 'बचाव पक्षाने बचावाचा बचाव घेतला' असं मी एकदा खरोखर वाचलंय. वकिलांसाठी बचाव, कृतीसाठी स्वसंरक्षण. 'आत्मरक्षा' हिंदीतून आलाय आणि कराटेच्या क्लासच्या पाटीवर शोभतो.

जुना शिरस्तेदार

आमच्या वहीत तो 'खासगी संरक्षणाचा हक्क'. दंडविधानात कलम ९६ ते १०६, नव्या न्याय संहितेत ३४ ते ४४. यात 'स्व' नाही याकडे लक्ष द्या, कारण दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवणंही त्यात येतं. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो.

मोठा फरक सिद्ध करायच्या ओझ्याचा. आपल्याकडे पुरावा कायद्याच्या जुन्या कलम १०५ प्रमाणे अपवाद दाखवायचं ओझं आरोपीवर, जरी ते वाजवी संशयापलीकडे नसलं तरी. विस्कॉन्सिनमध्ये आरोपीच्या बाजूने थोडंसं काही आलं की सरकारने ते वाजवी संशयापलीकडे खोडून काढायचं. म्हणून निकालानंतरही 'स्वसंरक्षण सिद्ध झालं' असं लिहू नका. ते खोडता आलं नाही, एवढंच झालं.

टिपणवही

हे फार कामाचं. मग 'खून' की 'मनुष्यवध'? ह्यूबरच्या बाबतीत आरोप होता पहिल्या दर्जाचा हेतुपुरस्सर, रोझेनबॉमच्या बाबतीत पहिल्या दर्जाचा बेदरकार.

जुना शिरस्तेदार

ह्यूबरचा आरोप आपल्या 'खुना'च्या जवळ जातो, पण तिथल्या कलमाच्या नावात 'मर्डर' नाही, तेव्हा हेतुपुरस्सर मनुष्यवध. 'बेदरकार'ने मात्र आपल्याला 'हयगयीने व बेदरकारपणे ट्रक चालवून' आठवतं. तिथली पातळी त्याच्या कितीतरी वरची आहे. 'जिवाची पर्वा न करता' असं सोडवून लिहा.

मिलवॉकीकर

१६ तारखेला अठरांमधून बारा ज्यूरर, म्हणजे दोषी की नाही ते ठरवणारे सामान्य नागरिक, निवडायला चिठ्ठ्यांचा ड्रम आणला आणि चिठ्ठ्या खुद्द आरोपीला काढायला लावल्या, ते नक्की लिहा. सात बायका, पाच पुरुष राहिले. 'ज्यूरी'ला पंच म्हणायचं का?

ओवी

पंच नको, पंचनाम्याचे पंच वेगळे. ज्यूरी हा शब्द नानावटी खटल्यापासून मराठी घरांत आहे. तिथे १९५९ मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटेना आणि प्रकरण हायकोर्टात गेलं.

पण मी 'निकाल' आणि 'कौल' वेगळे ठेवीन. न्यायाधीश देतो तो निकाल, त्याला कारणं लिहावी लागतात. ज्यूरी देते तो कौल. १९ नोव्हेंबरला पाचही आरोपांवर 'दोषी नाही' एवढं वाचलं गेलं, का ते कोणी सांगितलं नाही. सांगायचंच नसतं.

बातमीतला

मथळा मग 'निर्दोष मुक्तता' की 'दोषमुक्त'?

जुना शिरस्तेदार

'दोषमुक्त' आता खटला उभा राहण्याआधी नाव वगळतात त्यासाठी रुळलाय. पुरावा होऊन सुटला तर निर्दोष मुक्तता. १५ तारखेला अल्पवयात शस्त्र बाळगल्याचा जो आरोप गेला, कारण रायफलची नळी कायद्यातल्या आखूड नळीत बसत नव्हती, तो 'रद्द केला' म्हणा. आमच्या कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला विचाराल तर तो एकच शब्द सांगेल, 'सुटला'. त्यात निर्दोषही नाही नि दोषीही नाही. मला विचाराल तर तुमच्या टिपणाला तोच बरा.

मिलवॉकीकर

एक राहिलंच. पाच आरोपांतला एक अशा माणसाबद्दल होता की ज्याचं नाव कोर्टासमोर आलंच नाही. खाली पडलेल्या रिटनहाउसला त्याने उडी मारून लाथ घातली, त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या, दोन्ही चुकल्या. कोर्टात सगळे त्याला 'जंप किक मॅन' म्हणत होते. न्यायाधीशांसकट!

जुना शिरस्तेदार

अनोळखी इसम. कंसात 'लाथ मारणारा'.

टिपणवही

घेतलं. उद्या १० तारखेचं टिपण टाकतो, रिटनहाउसची स्वतःची साक्ष. त्यात बोटांनी झूम केलेल्या चित्रात यंत्र आपल्या मनाचे ठिपके भरतं की नाही, यावर बराच वेळ खल झाला. 'पिक्सेल' तसंच ठेवतोय, पण 'एन्हान्स' केलेल्या चित्राला काय म्हणायचं? 'सुधारित' म्हटलं तर सरकार खूश, 'फेरफार केलेलं' म्हटलं तर बचाव पक्ष खूश. सुचवा.