वायफाय दुपारी सारखं तुटतं, आणि नवा पासवर्ड प्रिंटर घेत नाही

परभणीकर:
जुनं माळवदाचं घर, भिंती दगड-मातीच्या, दोन फुटी. फायबरचा राउटर बाहेरच्या खोलीत कूलरच्या मागं आहे. दुपारी दर दहा-पंधरा मिनिटांनी नेट जातं, दोनेक मिनिटांनी आपोआप येतं. राउटरची सेटिंग आणि पासवर्ड बदलल्यापासून जुना प्रिंटर जोडला जात नाही. फोन जोडले जातात. रिसेट मारू का?

लातूरवाला:
भाऊ, रिसेटला हात लावू नका. टाचणीनं दहा सेकंद दाबलं की कनेक्शनचं युजरनेम, व्हीलॅन (कंपनीनं नेटसाठी दिलेला क्रमांक), सगळं पुसलं जाऊ शकतं. मग कंपनीचा माणूस येईपर्यंत बसा. आधी नेट जातं तेव्हा दिवे बघा. ‘लॉस’ (एलओएस, फायबरचा सिग्नल तुटल्याचा दिवा) लाल झाला तर फायबरमध्ये दोष: कुठंतरी घट्ट वाकलीय किंवा दारात चेपलीय. सगळे दिवे विझून परत लागत असतील तर राउटरच बंद पडतोय. दिवे ठीक असून फक्त आतल्या खोलीत तुटत असेल तर भिंतीचा प्रश्न.

नांदेडहून:
कूलरमागची जागा मुळातच चुकीची. टाकीतलं पाणी सिग्नल शोषतं, पत्रा तो परतवतो. राउटर पाच-सहा फूट उंचीवर, मोकळ्यावर ठेवा. राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. दोन फुटी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही. २.४ च्या वायफायला वेगळं नाव द्या, चॅनेल १, ६ किंवा ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ. आतल्या खोलीसाठी लॅन केबल ओढून दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट वायफायनं देणारा) म्हणून लावा, त्याचं डीएचसीपी (जोडलेल्या यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) बंद. भिंतीपलीकडं ठेवलेला रिपीटर (वायफाय पकडून पुढं देणारा डबा) म्हणजे पैसे पाण्यात.

लातूरवाला:
प्रिंटरचं: सेटिंग बदलताना वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ (नवा प्रकार) झाली असणार. जुने प्रिंटर बहुतेक डब्ल्यूपीए२ (आधीचा प्रकार) आणि २.४ वरच चालतात. सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस’ हा पर्याय ठेवा. प्रिंटरमधलं जुनं नेटवर्क पुसून नव्यानं जोडा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. शून्य आणि ‘ओ’ची गल्लत टाळा.

परभणीकर:
दिवे बघितले. सगळेच विझतात, मग एकेक लागतात.

नांदेडहून:
मग पहिला संशय अडॅप्टरवर. उन्हाळ्यात आतला कपॅसिटर कमजोर पडला की लोड येताच व्होल्टेज खाली येतं. राउटरच्या खाली लिहिलेलं बघून तेवढ्याच व्होल्टचा नवा घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिनचं टोकही जुळायला पाहिजे. लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस लावला असेल तर तो काढून थेट बोर्डाला लावून एक दुपार बघा.