मदत हवी आहे: डाळिंबावर सेलेनियमची फवारणी

नमस्कार मंडळी. सांगोल्याकडं आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, जमीन चुनखडीची. इराणमध्ये डाळिंबावर सेलेनियम (शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज) फवारून फळ तडकणं कमी झाल्याचं वाचलं, तेव्हापासून यंदा मृग बहरात दोन ओळींवर करून बघायचं मनात आहे. दाण्यात सेलेनियम वाढलं तर खाणाऱ्यालाही फायदा. फिनलंडमध्ये तर १९८०च्या दशकापासून खतातच सोडियम सेलेनेट, म्हणजे सेलेनियमचा क्षार, मिसळतात.

पण धास्तीही तेवढीच वाटते. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ५५ मायक्रोग्रॅम आणि ४०० च्या वर धोका, म्हणजे मात्रा चुकवून चालणारच नाही. बुलढाण्यात शेगावकडं केस गळण्याच्या प्रकारात गव्हातल्या सेलेनियमची चर्चा झाली, ती आपण सगळ्यांनी ऐकलीय. माझ्या बागेचं फळ खाऊन कुणाला त्रास व्हावा, हे मला नको.

सेलेनेट मुळांतून गंधकाच्याच वाटेनं आत जातं, आणि आम्ही तर गंधक भरपूर टाकतो, म्हणजे सेलेनेटला वाट कमीच मिळणार. म्हणून जमिनीतून देण्यापेक्षा पानांवरच द्यावं असं वाटतं. बरोबर आहे का? फळ लिंबाएवढं असताना फवारावं की रंग भरताना? बोरॉन, कॅल्शियमच्या टाकीत मिसळलं तर चालतं का? आणि सालीत किती, दाण्यात किती, हे वेगवेगळं तपासून देणारी प्रयोगशाळा सोलापूर-पुण्याकडं कुठली?

स्वतः केलेल्यांनी किंवा सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारलेल्यांनी कृपया मात्रेसकट सांगा. औषध दुकानदाराच्या अंदाजावर मी फवारणार नाही.