विषय: न्यू उल्मची सहल: ब्रुअरी कशाला?

मंडळी,
मिनेसोटातल्या न्यू उल्मच्या सहलीत शेल्स ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, कशाला, असं दोघातिघांनी विचारलंय. निम्मे लोक पीत नाहीत, शिवाय मुलं सोबत. काका, कल्पना तुमची, तेव्हा उत्तरही तुम्हीच द्या.
– सहल समिती

समितीस,
मुलांसाठी तिथली '१९१९' रूट बिअर आहे, म्हणजे बिनदारूचं गोड पेय. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या घटनादुरुस्तीचं हे साल. बंदीची तेरा वर्षं शेल्सने सरबतं, गोळ्या-चॉकलेटं आणि नावापुरती, जवळजवळ बिनदारूची बिअर विकून काढली.

ब्रुअरीचा संस्थापक ऑगस्ट शेल मूळचा जर्मनीतल्या बाडेनचा. सिनसिनाटीच्या जर्मन टर्नर (व्यायाम-संघाच्या) मंडळींबरोबर न्यू उल्मला आला आणि पिठाच्या गिरणीत यंत्रं सांभाळू लागला. बिअरचं खरं ज्ञान भागीदार जेकब बर्नहार्टचं. दोघांनी १८६० साली गावाबाहेर कॉटनवुड नदीकाठी ब्रुअरी काढली: जवळ झरे आणि हिवाळ्यात नदीचा बर्फ. लागर जातीची बिअर मुरायला थंडावा लागतो, आणि तेव्हा फ्रीज कुठला! बर्नहार्टने १८६६ मध्ये आजारपणामुळे अंग काढून घेतलं. तेव्हापासून कारखाना एकाच घराण्याकडे आहे. अमेरिकेत याहून जुनी घरची ब्रुअरी पेनसिल्व्हेनियातली युंगलिंगच.

ऑगस्ट १८६२ मध्ये इथल्या मूळ रहिवासी डकोटांनी न्यू उल्मवर दोनदा हल्ला केला. गाव बरंचसं जळलं, ब्रुअरी वाचली. ऑगस्टची बायको टेरेसा शेल डकोटांना जेवू घालायची म्हणून, असं घरचे सांगतात. असेलही. पण डकोटा उपाशी का होते, हे त्या गोष्टीत येत नाही. जमिनी देऊन झाल्या होत्या, सरकारकडून यायचे पैसे रखडले होते आणि व्यापारी उधार देईनात. त्याच वर्षी २६ डिसेंबरला जवळच्या मॅनकेटो गावी ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं. हे मुलांना कळायलाच हवं.

बाकी बाग, मोर आणि १८८५ चा शेलवाडा बघालच. आपल्या मिनिआपोलिसची 'ग्रेन बेल्ट' बिअरही २००२ पासून त्यांचीच.
– काका

काका,
मग येताना मॅनकेटोच्या रीकन्सिलिएशन पार्कला थांबायचं का? फाशी तिथेच दिली होती. वाट थोडी वाकडी होईल, पण मला पटतंय.
– वाचनगटाची ताई

ताई,
जरूर. बस आठऐवजी सातला सोडू. उशिरा येणाऱ्यांनी आपापल्या गाडीने यावं, यंदा खरंच थांबणार नाही.
– सहल समिती